पापणीवरचा मस

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. गालावरच्या तिळावर शायरांनी इतकं लिहून ठेवलंय की विचारू नका. पण पापणीवरच्या मसाबद्दल एकही शेर मला आठवत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर ज्वारीच्या दाण्याएवढा मस उगवला. दुखत नव्हता, खाजत नव्हता. पण सदरच्या बाजारात पिशवी घेऊन निघालो की भेटेल तो इलाज सांगायचा. कोणी म्हणे घोड्याच्या शेपटीचा केस बांधा. आमच्या खालाकडे तर अनुभवाचा दाखला होता. तरुणपणी त्यांच्या मानेवरची चामखीळ चुना आणि धुण्याचा सोडा लावून गळून पडली होती. ‘बेटा, चार दिन का काम है,’ त्या म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, पानठेल्यावरून चुना मीच आणून दिला.

वाटीत चुना कालवला गेला आणि मुलगी घरी आली. ती शाळेत विज्ञान शिकवते. ‘अब्बा, मान आणि पापणी एक आहे का?’ एवढंच म्हणाली आणि वाटी उचलून घेऊन गेली.

नंतर समजलं, अंगावरची सगळ्यात पातळ कातडी पापणीचीच, एक मिलिमीटरहूनही पातळ. तिच्यामागे लगेच डोळा. आणि चुना हा क्षार. आम्ल बहुधा वरचा थर जाळून तिथेच अडतं. क्षार पेशींतली चरबी विरघळवत आत आत जातो. बुबुळावरचा काचेसारखा पडदा त्यानं पांढरा पडतो, नजर कायमची जाऊ शकते. खेळताना चुन्याची पुडी किंवा डबी दाबली जाऊन डोळ्यांत चुना उडालेली मुलं आपल्या देशातल्या नेत्ररुग्णालयांत नेहमी येतात. असं झालंच तर आधी स्वच्छ पाण्यानं अर्धा तास तरी डोळा धूत राहायचं आणि मग तडक दवाखाना. मलम शोधत बसायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मेयोच्या ओपीडीत गेलो. डॉक्टरीणबाईंनी यंत्रासमोर हनुवटी टेकवायला लावली आणि विचारलं, किती दिवसांचा आहे? वाढतो का? रक्त येतं का? तिथले पापणीचे केस गळले का? मला वाटलं, केसांचं काय एवढं!

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. रांजणवाडी लाल असते, ठणकते. ती जंतूंमुळे होते. कोमट फडक्यानं दिवसातून तीन-चारदा दहा मिनिटं शेकलं की बहुधा आठ-पंधरा दिवसांत बसते. ती फोडायची मात्र नाही. न दुखणारी टणक गाठ असेल तर पापणीतल्या तेलग्रंथीचं तोंड बुजलेलं असतं. तिलाही शेक, नाहीच गेली तर पापणी उलटवून आतून छोटा छेद देतात, बाहेर व्रण दिसत नाही. मस, चामखीळ ही बहुधा निरुपद्रवी. नको असेल तर तेवढा भाग बधिर करून काढता येते.

माझा मस दहा मिनिटांत निघाला. पण तुकडा तपासणीला पाठवला तेव्हा मी दचकलो. कारण असं, की पापणीच्या तेलग्रंथीचा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे अधिक आढळतो, आणि तो साध्या गाठीचं सोंग घेऊन येतो. उतारवयात गाठ एकाच जागी पुन्हा पुन्हा आली, तिथले केस गळले, तर तुकडा तपासायलाच हवा. केसांचा प्रश्न तेव्हा कळला. अहवाल येईपर्यंतच्या आठवड्यात एक ओळ सुचली नाही. अहवालात काही वाईट निघालं नाही.

निघताना बाई पिवळ्या चट्ट्यांबद्दलही बोलल्या. डोळ्यांच्या नाकाकडच्या कोपऱ्यांत, पापणीच्या कातडीत साचलेलं कोलेस्टेरॉल असतं ते. असे चट्टे असणाऱ्या जवळपास निम्म्या लोकांच्या रक्तात ते वाढलेलं नसतंही. पण कोपनहेगनमध्ये 1976 ते 78 च्या सुमारास पावणेतेरा हजार लोकांची तपासणी करून 2009 पर्यंत त्यांचा मागोवा ठेवला गेला. चट्टे असणाऱ्यांना हृदयविकाराचा झटका अधिक आला, कोलेस्टेरॉलचा हिशेब वेगळा धरूनही. चट्टे काढता येतात, पुन्हा येऊही शकतात. काढल्यानं हृदयाला काही फरक पडत नाही. रक्त तपासायचं ते म्हणून.

घरी आलो. खाला दारातच उभ्या होत्या, मस गेला का बघायला. त्या माझा डोळा बघत होत्या आणि मी त्यांचे. दोन्ही कोपऱ्यांत पिवळे चट्टे. वर्षानुवर्षं बघत आलो होतो आणि उमरीची निशाणी समजत होतो.

त्यांचं कोलेस्टेरॉल बरंच वाढलेलं निघालं. आता रोज रात्री गोळी असते. खिचडीवरचं तूप बंद झाल्याचा राग अजून माझ्यावरच आहे, आणि गोळीची आठवण मलाच करावी लागते.