दुसरा श्वास

१९४३ साली फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कुस्तो हा नौदलातील अधिकारी आणि एमिल गान्यां हा अभियंता या दोघांनी मिळून एक श्वासयंत्र सिद्ध केले. युद्धामुळे पेट्रोल दुर्मिळ झाले होते, आणि गॅसवर चालणाऱ्या मोटारींसाठी गान्यांने बनविलेली एक झडप त्यांच्या कामी आली. पाणबुड्याने श्वास ओढावा तेव्हाच, आणि हवा तेवढाच वायू द्यावा, एवढेच त्या झडपेचे काम. आज तारकर्लीच्या किंवा अंदमानच्या समुद्रात हौसेने बुडी मारणारा प्रवासी जे रबरी मुखपट्ट तोंडात धरतो, त्याच्या मागे हीच कल्पना आहे. या यंत्राला आता सर्वत्र रेग्युलेटर म्हणतात. आपणही तेच म्हणू.

श्रोतेहो, मला आज बोलायचे आहे ते पहिल्या रेग्युलेटरविषयी नव्हे, दुसऱ्याविषयी.

हौशी पाणबुड्याचे काही बिघडले, तर तो सावकाश वर येऊ शकतो. परंतु पाण्याने भरलेल्या गुहेत किंवा बुडालेल्या जहाजाच्या पोटात शिरलेल्या माणसाच्या डोक्यावर छप्पर असते. खोल पाण्यात दीर्घकाळ राहिलेल्याच्या डोक्यावरही एक अदृश्य छप्पर असतेच. शरीरात मुरलेला वायू हळूहळू बाहेर पडल्याखेरीज तो वर आला, तर पंगू होईल किंवा प्राणास मुकेल. अशा बुडीला तांत्रिक बुडी म्हणतात. येथे अडचण पाण्याखालीच सोडवावी लागते.

फ्लॉरिडातील गुहांत अनेक पाणबुडे मेले. शेक एक्सली याने त्या अपघातांची चिकित्सा करून १९७९ मध्ये एक छोटेसे पुस्तक लिहिले. त्यातील एक नियम तिहाईचा : एक तृतीयांश वायू जाण्यासाठी, एक तृतीयांश परतण्यासाठी, आणि उरलेला संकटासाठी. हिशेब सोपा आहे. पण तो राखीव वायू ज्या वाटेने माणसाच्या छातीत पोहोचायचा, ती वाटच बंद पडली तर? म्हणून दुसरा रेग्युलेटर.

पुष्कळ जण येथे काटकसर करतात. मुख्य रेग्युलेटर उत्तम घ्यायचा आणि राखीव म्हणून एखादा स्वस्त, हलका घ्यायचा. 'तो कुठे रोज वापरायचा आहे?' असा युक्तिवाद असतो. मला तो उफराटा वाटतो. थोडे आकडे पाहू. स्वस्थ पोहणारा माणूस मिनिटाला सुमारे २० लिटर वायू घेतो. ४० मीटर खोलीवर पाण्याचा व हवेचा मिळून दाब पृष्ठभागाच्या पाचपट असतो. म्हणजे तेथे त्याला १०० लिटर लागतात. घाबरला की दुप्पट सहज. दोघे घाबरलेले जोडीदार मिळून मिनिटाला ४०० लिटर ओढतील. राखीव रेग्युलेटर वापरात येतो तो नेमका या घटकेला. तेव्हा श्वास जड जाऊ लागला, तर छातीत कर्बवायू साठतो, भीती आणखी वाढते आणि हिशेब हातचा जातो. म्हणून राखीव रेग्युलेटर मुख्य रेग्युलेटरच्या तोडीचाच हवा.

निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा : टाकीतला दाब उतरत गेला, तरी हा तितक्याच सहजतेने वायू देतो काय? साध्या बांधणीच्या यंत्रात टाकी रिकामी होत आली की श्वास जड होतो. संतुलित बांधणीत तसे होत नाही. संकट बहुधा टाकी रिती होत असतानाच येते, त्यामुळे संतुलित यंत्रावाचून गत्यंतर नाही.

दुसरा प्रश्न थंडीचा. टाकीतील २०० बार दाबाचा वायू पहिल्या टप्प्यात एकदम सुमारे १० बारपर्यंत उतरतो, आणि असा फैलावणारा वायू अतिशय थंड होतो. थंड पाण्यात स्प्रिंगभोवतीचे पाणी गोठून झडप उघडीच अडकते व वायू भसाभसा वाहून जातो. युरोपीय मानकात १० अंश सेल्सियसखालील पाण्यासाठी वेगळी कसोटी आहे, ती याचसाठी. पडद्याने किंवा तेलाने बंदिस्त केलेली यंत्रे येथे उपयोगी पडतात. उबदार समुद्रात गोठण्याचे भय नाही. पण वाळू-मीठ आत जाऊ नये, म्हणून तेथेही बंदिस्त यंत्र मला बरे वाटते.

अर्थात दोन्ही मुखपट्टे एकाच पहिल्या टप्प्याला जोडली, तर वरील सारी निवड वाया गेली. टाक्यांच्या जोडीवर दोन तोट्या असतात. प्रत्येकीवर स्वतंत्र रेग्युलेटर हवा. एक वाहू लागला, तर तेवढीच तोटी बंद करता येते. उजव्या तोटीवर दोन मीटरांहून किंचित लांब नळी लावतात आणि तिचे मुखपट्ट तोंडात असते. संकटात जोडीदाराला द्यायचे ते हेच. ते चालू आहे याची खात्री असते, कारण देणारा आताच त्यातून श्वास घेत होता. मग स्वतः गळ्याभोवतीच्या रबरी फासात, हनुवटीखाली लटकणारे राखीव मुखपट्ट घ्यायचे. हाताची गरजही पडत नाही. गुहेच्या छताला घासून पुढे सरकताना डावी तोटी आपोआप बंद होत जाते, उजवी उघडत जाते. लांब नळी उजवीकडे का, ते यावरून कळते.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. परतीच्या वाटेवरील थांब्यांसाठी कडेला शुद्ध प्राणवायूची वेगळी टाकी नेतात. तिचा रेग्युलेटर हा राखीव रेग्युलेटर नव्हे. शुद्ध प्राणवायू ६ मीटरपर्यंत चालतो. ३० मीटरवर तो झटके आणतो, आणि पाण्याखाली झटका म्हणजे बुडणे. म्हणून त्या टाकीवर खोलीचा आकडा ठळक लिहितात, तोटी वेळ येईपर्यंत बंद ठेवतात. तिचा रेग्युलेटरही तेल-वंगणापासून खास स्वच्छ केलेला असावा लागतो, नाहीतर आगीचे भय.

शेवटी देखभालीची गोष्ट. दोन्ही रेग्युलेटर एकाच वेळी कारागिराकडे देऊन, ते हाती येताच दूरच्या गुहेकडे निघणे मला पसंत नाही. नवे रबरी कडे चुकीचे बसले असेल, तर दोन्हींत तीच चूक असण्याचा संभव राहतो. आधी उथळ पाण्यात एक बुडी मारावी, आणि तीतील निम्मा वेळ हनुवटीखालच्या त्या दुसऱ्या मुखपट्टातूनच श्वास घ्यावा.