आधी वस्तूकडे पाहा



प्रथम माझी स्वतःची एक चूक सांगतो. वर्गातील एक मुलगा परीक्षेत अंग वाकडे करून, शेजाऱ्याकडे वळून लिहीत असे. तो कॉपी करतो असे समजून मी त्याला सर्वांदेखत उभे केले. मुलगा डावखुरा होता आणि खुर्चीची लिहिण्याची फळी उजव्या बाजूस होती, हे मागाहून माझ्या ध्यानात आले. दोष खुर्चीचा आणि शिक्षा मुलाला!

अमेरिकेतील डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ साली रोजच्या वापरातील वस्तूंच्या रचनेवर एक पुस्तक लिहिले. दार ढकलावे की ओढावे हे कळत नसेल, तर दोष माणसाचा नव्हे, दाराच्या रचनेचा, असे त्यांचे म्हणणे. ढकलायच्या दाराला मूठ न लावता सपाट पत्रा लावला, तर पाटीची गरजच उरत नाही.

जपानमधील सेइची मियाके यांनी अंध बांधवांसाठी उंचवट्यांच्या फरशा तयार केल्या. १९६७ साली त्या ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर प्रथम बसविल्या गेल्या. पायाला उंचवटे लागले की पुढे जपावे, हे न पाहताही समजते. आज आपल्याकडील मेट्रो स्थानकांवरही तशा फरशा आढळतात.

त्या मुलाची मी माफी मागितली. सुताराकडून फळी डावीकडे बसवून घेतली. आपल्या घरी, शाळेत कोणी वारंवार चुकत असेल, तर त्याला बोल लावण्यापूर्वी एकवार त्याच्या हातातील वस्तूकडे पाहावे, एवढीच माझी नम्र विनंती.