आलेख काढणारे गणकयंत्र

श्रोत्यांपैकी ज्यांचे गणित लॉगॅरिदमच्या कोष्टकांवर पोसले गेले, त्यांना ती पातळ पुस्तिका सहसा विसरता येत नाही. मोठा गुणाकार करावयाचा तर दोन्ही आकडे कोष्टकात शोधावेत, मिळालेल्या अंकांची बेरीज करावी आणि उलट कोष्टकात उत्तर पाहावे, असा तो क्रम. जॉन नेपियरने १६१४ साली प्रसिद्ध केलेल्या या युक्तीने साडेतीनशे वर्षे वेधशाळा, अभियंत्यांच्या कचेऱ्या आणि शाळा चालविल्या. आता काळ असा आला आहे की, इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथील एकाच मराठी घरातील दोन भावंडे निराळ्या शाळांत जात असली, तर एकाने परीक्षेच्या दालनात गणकयंत्र नेणे हा अपराध ठरतो, आणि दुसऱ्याने ते न नेणे ही मोठी अडचण होते.

हा भेद यंत्राच्या गुणावगुणांवरून पडलेला नाही. तो परीक्षेच्या नियमांवरून पडलेला आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या गणिताच्या पेपरास सर्वसामान्य विद्यार्थ्याला गणकयंत्र नेता येत नाही. अभियांत्रिकी प्रवेशाच्या जेईई परीक्षेतही ते वर्ज्य आहे. ‘गेट’ या परीक्षेत संगणकाच्या पडद्यावरच एक गणकयंत्र दिलेले असते, स्वतःचे नेण्याची मुभा नसते. उलट इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या अभ्यासक्रमातील ‘अॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन’ या गणित विषयाच्या प्रत्येक पेपरास आलेख काढणारे गणकयंत्र लागते; त्याच संस्थेच्या ‘अॅनॅलिसिस अँड अप्रोचेस’ या दुसऱ्या विषयाचा पहिला पेपर मात्र यंत्रावाचून सोडवावयाचा असतो. तेव्हा पालकाने दुकानाची पायरी चढण्यापूर्वी त्या परीक्षेची चालू वर्षाची नियमपत्रिका वाचावी. पुष्कळ घरांत हा क्रम उलटा होतो आणि महागडे यंत्र पेटीत पडून राहते.

या यंत्राचा इतिहास फार जुना नाही. कॅसिओ कंपनीने १९८५ साली ‘एफएक्स-७०००जी’ हे यंत्र बाजारात आणले. ९६ ठिपके रुंद आणि ६४ ठिपके उंच एवढ्या चिमुकल्या पडद्यावर समीकरणाचा आलेख उमटू शकतो, ही गोष्ट त्या काळी नवलाची होती. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे ‘टीआय-८१’ हे यंत्र १९९० साली आले, आणि अमेरिकेतील शाळांचे वर्ग हळूहळू या घराण्याच्या यंत्रांनी भरून गेले. १९९५ साली तेथील ‘अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षेच्या कलनशास्त्राच्या पेपरास असे यंत्र आवश्यक ठरले. शाळेने एकदा एका यंत्राभोवती पाठ बसविले की ते यंत्र बदलणे दुष्कर होते. म्हणूनच १९७६ सालच्या झेड-८० या प्रक्रियकाचा वंश त्या घराण्यात आजही नांदतो आहे, आणि हातातील दूरध्वनी शेकडो पटींनी चपळ झाला तरी ‘टीआय-८४’ची किंमत शंभर डॉलरांच्या आसपास किंवा वरच राहिली आहे. व्यापाराचे हे नवल शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात सापडावयाचे नाही.

परीक्षकांच्या शंका कशा चमत्कारिक असतात, याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. १९९५ साली निघालेल्या ‘टीआय-९२’ला टंकलेखन यंत्रासारखी अक्षरांची पूर्ण फळी होती. विद्यार्थी त्यावर प्रश्नच टिपून नेतील, या भयाने ते परीक्षेत निषिद्ध झाले. १९९८ साली आलेले ‘टीआय-८९’ बीजगणिताच्या कामात जवळजवळ तेवढेच समर्थ होते. पण त्याला तशी फळी नसल्यामुळे ते आत जाऊ शकले. इंटरनॅशनल बॅकलॉरिएटची दृष्टी निराळी आहे. जे यंत्र अक्षरांतील समीकरणच सोडवून देते, ते तेथे चालत नाही. म्हणजे अधिक किंमत मोजून अधिक विद्वान यंत्र आणणारा विद्यार्थी दालनाबाहेरच अडविला जाण्याचा संभव आहे.

यादीत बसणाऱ्या यंत्रांपैकी कोणते घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : जे वर्गातील शिक्षक वापरतात ते. कॅसिओ आणि टेक्सास या दोन्ही घराण्यांची यंत्रे शालेय कामास पुरी पडतात. परंतु त्यांच्या कळांची भाषा भिन्न आहे, आणि ऐन वेळी शेजाऱ्याची पद्धत आपल्या यंत्रावर चालत नाही. वरच्या वर्गातून उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याचे जुने यंत्र मिळाले तर तेही उत्तम. फक्त प्रत्येक कळ दाबून पाहावी, पडद्यावर मेलेल्या ओळी नाहीत ना हे तपासावे, आणि बॅटरीच्या कप्प्यात क्षार साचला आहे का तेवढे पाहावे.

खरी परीक्षा पुढे आहे. आलेख-यंत्र हे एका खिडकीतून पाहते. ती खिडकी केवढी आणि कोठे उघडावी, हे यंत्राला कळत नाही. ते पाहणाऱ्याला कळावे लागते. य = क्ष² − ५०क्ष + ६०० हे साधे समीकरण घ्यावे. ‘टीआय-८४’ची नेहमीची खिडकी दोन्ही अक्षांवर −१० पासून १० पर्यंत उघडते. त्या खिडकीत हा आलेख मुळीच दिसत नाही. पडद्यावर रिकामे अक्ष तेवढे उरतात, कारण क्ष १० असतानासुद्धा य २०० असतो. गोंधळलेला विद्यार्थी यंत्र बिघडले असे मानतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे समीकरणाला उत्तरच नाही असे लिहून मोकळा होतो. ज्याने कागदावर क्षणभर विचार केला, त्याला दोन मुळांची बेरीज ५० आणि गुणाकार ६०० हे दिसते; म्हणजे मुळे २० आणि ३०, आणि वक्राचा तळ क्ष = २५ येथे, −२५ इतका खाली. मग क्षची खिडकी ० ते ५० आणि यची −५० ते ६५० अशी उघडली की तो अन्वस्त आपल्या जागी उभा राहतो. यंत्राने येथे उत्तर शोधले नाही. आधी अजमावलेल्या उत्तराला पुरावा दिला.

कधी कधी खिडकी बरोबर असूनही चित्र खोटे असते. ‘टीआय-८४ प्लस’च्या कृष्णधवल पडद्यावर आलेखासाठी ९५ उभे स्तंभ वापरले जातात. त्यावर साइन ४७क्ष हा आलेख −२π पासून २π पर्यंत काढावा. तेवढ्या अंतरात त्या वक्राच्या ९४ पूर्ण लाटा बसतात, आणि ९५ स्तंभांमध्ये अंतरेही ९४च असतात. परिणाम असा की, यंत्र दरवेळी लाटेच्या त्याच बिंदूवर, म्हणजे शून्यावर, पाऊल टाकते आणि पडद्यावर एक सपाट रेघ काढते. खळाळत्या पाण्याचे चित्र काढावयास सांगावे आणि चित्रकाराने मेज रंगवून द्यावे, तसा हा प्रकार आहे. वर्गात हे एकदा करून दाखविले तर विद्यार्थी पडद्यावर डोळे मिटून विश्वास ठेवण्याचे सोडून देतात. पुष्कळ शिक्षक मात्र वेळेअभावी ते दाखवीत नाहीत.

कळांच्याही काही खोडी आहेत. उणे ३ चा वर्ग मागताना कंस घातला नाही तर यंत्र ९ ऐवजी −९ देते, आणि यंत्राचे म्हणणे गणिताच्या संकेताप्रमाणे बरोबरच असते. १/२क्ष असे लिहिले तर काही यंत्रे त्याचा अर्थ क्षचा अर्धा भाग असा घेतात, काही ‘एक भागिले दोन क्ष’ असा घेतात. एकाच कंपनीच्या ‘टीआय-८२’ आणि ‘टीआय-८३’ या सख्ख्या भावांचेही यावर एकमत नव्हते. कंस घालण्याचा आळस येथे महाग पडतो.

आता ‘सॅट’ परीक्षा संगणकावर होते. भारतासह अमेरिकेबाहेर २०२३ पासून, आणि अमेरिकेत २०२४ पासून. तिच्या पडद्यावर ‘डेसमॉस’ नावाचे आलेख-यंत्र आयतेच दिलेले असते. तेवढ्या एका परीक्षेसाठी निराळे यंत्र विकत घेण्याचे कारण उरलेले नाही. सराव मात्र त्याच पडद्यावर करावा लागतो.

इतर ठिकाणी दालनात शिरण्यापूर्वी यंत्र ‘परीक्षा-अवस्थे’त घालतात, म्हणजे त्यात साठविलेली सूत्रे व टिपणे झाकली जातात. ‘टीआय-८४ प्लस’मध्ये ही अवस्था सुरू करतानाच कोन अंशांत मोजावयाचा की रेडियनमध्ये, हे निवडावे लागते, आणि घाईत ही निवड कित्येकदा दुसराच कोणी करतो. म्हणून जागेवर बसताच विद्यार्थ्याने साइन ३० काढून पाहावे. अंशांची निवड असेल तर ०.५ दिसेल, −०.९८८ दिसले तर यंत्र रेडियनमध्ये आहे, आणि पहिला प्रश्न हाती घेण्यापूर्वी ते बदलावयास अजून वेळ आहे.