तुटलेला धागा सांधणारे शास्त्र

(शनिशिंगणापूर, जिल्हा अहिल्यानगर, येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घरांना दारे आणि दारांना कुलपे न लावण्याची परंपरा ज्या गावाने जपली, त्या गावात मी आज अशाच एका घराविषयी बोलणार आहे. ते घर म्हणजे सजीवाची पेशी. तिच्यात डीएनए नावाचा एक अतिसूक्ष्म दुपेडी धागा असतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले सारे गुणधर्म त्या धाग्यावर लिहिलेले असतात. हे धन इतके मोलाचे असूनही त्याला कुलूप लावण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण त्याला इजा करतात, तंबाखूतील विषारी द्रव्ये करतात. इतकेच नव्हे, तर पेशीत ज्याच्यावाचून जीवन चालत नाही ते पाणीच त्या धाग्याची अक्षरे गाळून टाकते. एका मानवी पेशीत दररोज अशा हजारो इजा होतात. मग आपण जगतो कसे? पेशीची सुरक्षितता कुलपात नसून दुरुस्तीत आहे, हे त्याचे उत्तर. धाग्याची एक पेड बिघडली, तर समोरच्या शाबूत पेडेवरून मूळ मजकूर पुन्हा लिहिता येतो. या दुरुस्तीच्या रीती उलगडून दाखविल्याबद्दल टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार या तिघांना २०१५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे शास्त्र केवळ परदेशातच वाढले, असा आपला समज असेल तर तो दूर करावा, म्हणून मी आपल्यापुढे एका भारतीय शास्त्रज्ञाचे संशोधनजीवन मांडणार आहे. त्या जीवनातील मोठा कालखंड आपल्याच राज्यात, मुंबईच्या कुलाब्यात गेला. त्यांचे नाव डॉ. ओबैद सिद्दिकी.

गारपिटीने बदललेली वाट

उत्तर प्रदेशातील बस्ती येथे १९३२ साली सिद्दिकी यांचा जन्म झाला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिक्षण घेतल्यावर ते दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत गव्हावर काम करू लागले. एके वर्षी गारपीट झाली आणि प्रयोगासाठी वाढविलेले गव्हाचे पीक भुईसपाट झाले. गारपीट म्हणजे काय, हे नेवासे तालुक्यातील शेतकऱ्याला सांगावयास नको. सिद्दिकी यांनी त्यानंतर सूक्ष्मजीवांच्या आनुवंशिकीकडे मोर्चा वळविला. गव्हाची एक पिढी पाहावयास एक हंगाम लागतो. बुरशीच्या किंवा जीवाणूंच्या पिढ्या काही तासांत अथवा दिवसांत हाती येतात, आणि प्रयोगशाळेच्या छपराखाली गारांचे भय नसते.

स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात ग्विडो पोंटेकोर्व्हो यांच्या हाताखाली त्यांनी एका बुरशीवर संशोधन करून १९६१ साली डॉक्टरेट मिळविली. एकाच जनुकाच्या आत माता आणि पिता यांच्या धाग्यांची जी अदलाबदल होते, तिला एक ठराविक दिशा असते, हे त्यांच्या कामातून दिसून आले. पुढे अमेरिकेत ॲलन गारेन यांच्यासमवेत त्यांनी जीवाणूंतील एका विलक्षण गोष्टीचा अभ्यास केला. जनुकातील एक शब्द बिघडल्यामुळे प्रथिनाची घडण अर्ध्यावरच थांबते. परंतु जनुकसंचात दुसऱ्याच ठिकाणी झालेला एखादा बदल त्या बिघाडावर मात करतो आणि प्रथिन पुन्हा पूर्ण घडू लागते. जनुकाच्या भाषेत पूर्णविरामाची चिन्हे असतात, या ज्ञानाकडे नेणाऱ्या वाटेवरील हा महत्त्वाचा टप्पा होता.

कुलाब्यातील नवी शाखा

प्रख्यात शास्त्रज्ञ लिओ स्झिलार्ड यांनी सिद्दिकी यांचे नाव डॉ. होमी भाभा यांना सुचविले. टाटा मूलभूत संशोधन संस्था ही तेव्हा मुख्यतः गणित आणि भौतिकशास्त्राची संस्था होती. तेथे १९६२ साली रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि तिशीतील सिद्दिकी यांच्याकडे त्याची उभारणी आली. डीएनएची रचना १९५३ साली कळली होती. त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांत मुंबईत या विषयाचे संशोधन सुरू झाले, ही गोष्ट आपण विद्यार्थ्यांना आवर्जून सांगितली पाहिजे.

येथे त्यांनी जीवाणूंच्या संयुग्मनाचा, म्हणजे एका जीवाणूतून दुसऱ्यात डीएनए कसा जातो आणि तेथील मूळ धाग्यात कसा सांधला जातो, याचा अभ्यास केला. मॉरिस फॉक्स यांच्यासमवेत केलेले त्यांचे या विषयावरील संशोधन १९७३ साली प्रसिद्ध झाले. या सांधणीचा आणि दुरुस्तीचा संबंध फार जवळचा आहे. ज्या जीवाणूंना बाहेरून आलेला धागा सांधता येत नाही, ते अतिनील किरणांपुढेही तग धरू शकत नाहीत, हे १९६५ साली अमेरिकेत आढळून आले होते. म्हणजे ज्या अवजारांनी पेशी नवा धागा जोडते, त्यांतील काही अवजारांनीच ती तुटलेला धागाही सांधते.

पुढे सिद्दिकी यांनी आणखी एक वळण घेतले. सीमोर बेंझर यांच्यासमवेत त्यांनी फळमाशीच्या अशा जाती अभ्यासल्या, ज्या उष्णता वाढली की लुळ्या पडतात आणि गारवा मिळताच पूर्ववत होतात. एका जनुकातील बदल मज्जातंतूंचे काम कसे थांबवितो, हे त्यातून दिसले. मूळच्या गोमंतकीय कुटुंबातील, नैरोबीत जन्मलेल्या वेरोनिका रॉड्रिग्ज या कुलाब्यात त्यांच्या विद्यार्थिनी झाल्या आणि फळमाशीची चव व गंध यांवरील कामाने स्वतःही नामवंत शास्त्रज्ञ ठरल्या. पुढे बंगळूरु येथे सिद्दिकी यांनी राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे केले. २००६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. उतारवयातही ते स्वतः प्रयोग करीत. २६ जुलै २०१३ रोजी त्यांचे निधन झाले.

शेतापासून दवाखान्यापर्यंत

आता आपण विचाराल, बुरशी आणि माशी यांच्या अभ्यासाचा आमच्या गावाला काय उपयोग? याचे एक उत्तर मुंबईतच, तुर्भे येथे आहे. किरणांनी डीएनएला इजा केली आणि पेशीची दुरुस्ती किंचित चुकली, की बियाण्यात कायमचा बदल होतो. असे बहुतेक बदल निरुपयोगी असतात. एखादाच उपकारक निघतो. तो हेरून भाभा अणु संशोधन केंद्राने भुईमुगाचे वाण तयार केले. टीजी–१ हा वाण १९७३ साली, तर आपल्या शेतकऱ्यांना परिचित असलेला टीएजी–२४ हा १९९१ साली प्रसारित झाला. त्याच केंद्रात एका विलक्षण जीवाणूचाही अभ्यास झाला आहे. माणसाला घातक ठरणाऱ्या किरणमात्रेच्या सुमारे हजारपट मात्रा सोसूनही तो आपला छिन्नविच्छिन्न डीएनए काही तासांत पुन्हा जुळवितो.

दुसरे उत्तर आरोग्याचे आहे. काही बालके अशी जन्मतात, की थोड्या उन्हानेही त्यांच्या कातडीवर डाग उठतात आणि पुढे कर्करोग होतो. अतिनील किरणांची इजा दुरुस्त करण्यात त्यांच्या पेशी उणे पडतात, हे १९६८ साली जेम्स क्लीव्हर यांनी दाखविले. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले, तरच हा आजार होतो. नात्यातल्या नात्यात लग्ने होतात तेथे असा योग जुळण्याचा संभव वाढतो. मामाच्या मुलीशी लग्न ठरविताना वडीलधाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

म्हणूनच माझे आपणांस तीन गोष्टींचे आवाहन आहे. पहिली तंबाखूविषयी. मिश्री, गुटखा आणि विडी ही पेशीच्या दुरुस्तीवर रोज नवा बोजा टाकतात. दुरुस्ती शेवटी कमी पडते आणि त्यातून मुखाचा कर्करोग उद्भवतो. शाळेच्या परिसरात यांची विक्री होणार नाही, हे पाहणे पंचायतीच्या हाती आहे.

दुसरी गोष्ट दोषारोपाविषयी. मुलगी झाली किंवा मूल व्यंग घेऊन जन्मले, की अजूनही सुनेला बोल लावला जातो. मूल मुलगा की मुलगी, हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. आणि जनुकातील दोष हा कोणाचा अपराध नव्हे. श्री शनैश्वराच्या दर्शनाला देशभरातून भाविक येथे येतात. त्यांची श्रद्धा त्यांना मनाचे बळ देते, तिचा मी आदर करतो. मात्र आजारी बालकाला दवाखान्यात नेण्यास त्यामुळे एका दिवसाचाही विलंब होऊ नये.

तिसरी गोष्ट शिक्षकांसाठी. आनुवंशिकीचा धडा केवळ फळ्यावर संपवू नका. मुलांना वाटाण्याच्या, भुईमुगाच्या ओळीत हिंडवा. एखादे रोप इतरांहून वेगळे का, हा प्रश्न त्यांना पडू द्या आणि उत्तर लगेच सांगू नका. सिद्दिकी यांचे पीक गारांनी झोडपले, परंतु त्यांच्या मनातील प्रश्न शाबूत राहिला आणि त्यातून दोन संशोधनकेंद्रे उभी राहिली. आपल्या तालुक्यातील एखाद्या मुलीच्या मनात असा प्रश्न रुजला, तर तो टिकविण्याची जबाबदारी तिच्या शाळेची, पंचायतीची आणि शासनाची, अशी आपणां सर्वांची आहे.