शहापूर-मुरबाडकडील घरास कुत्रा कोणता?

घरास कुत्रा आणावयाचे ठरले म्हणजे पहिला प्रश्न बहुधा जातीचा निघतो. अल्सेशियन आणावा की लॅब्रॅडॉर, यावर वाद होतो, किंमत विचारली जाते, आणि कुत्रा जेथे राहावयाचा त्या जागेचा विचार मात्र मागे पडतो. वस्तुतः पहिला प्रश्न जागेचा, दुसरा घरच्या माणसांचा, आणि जातीचा प्रश्न तिसरा होय.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. एकीकडे माहुलीचा किल्ला व तानसा अभयारण्य, दुसरीकडे माळशेज घाट. चार महिने पावसाची झोड, भातखाचरांतला चिखल, आणि चैत्र-वैशाखात अंगाची लाही करणारा उकाडा, असे येथील हवामान. ज्या कुत्र्याच्या अंगावर हस्कीसारखी दाट लोकर आहे, त्याला येथील उन्हाळा शिक्षाच होते. चपट्या नाकाच्या पगला उकाड्यात धाप लागते. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांचे कान पावसाळ्यातील ओलीने चिघळतात, आणि दाट केसांत गोचीड लपून राहते. अशा कुत्र्यांची निगा राखता येत नाही असे नव्हे. पण ती रोज राखावी लागते, आणि ती राखणारे माणूस घरी असावे लागते.

देशी जातींतही विवेक हवाच. मुधोळ हे पूर्वी घोरपड्यांचे संस्थान होते. आज ते कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात मोडते. तेथील शिकारी कुत्र्याचे चित्र टपाल खात्याने २००५ साली तिकिटावर छापले. हा कुत्रा आखूड केसांचा, काटक व चपळ खरा. परंतु तो डोळ्यांनी सावज हेरून धावणारा आहे. अभयारण्याच्या कडेला तो मोकळा सोडला, तर सशा-भेकरांमागे लागावयाचाच. त्याला धावण्यास मोकळी पण बंदिस्त जागा नसेल, तर तो न आणणे हेच शहाणपणाचे.

मग उरतो तो गावठी कुत्रा. त्याला वंशावळ नाही व किंमतही नाही, म्हणूनच त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पण आखूड केस, उभे कान, हलके अंग व थोडक्यात भागणारी भूक हे गुण त्याला याच हवेने पिढ्यानपिढ्या दिले आहेत. अनोळखी पाऊल ओळखून भुंकण्यात तो कोणास हार जात नाही. नाक्यावरचे पोरके पिल्लू घरी आणल्याने एका जिवाची सोय होते व घराला राखणदार मिळतो.

तथापि, येथे एक धोका विसरून चालणार नाही, आणि तो बिबट्याचा. घाटमाथ्यापलीकडील अकोले तालुक्यात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला. तो ‘ओरिक्स’ नियतकालिकात २०१६ साली छापून आला. बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा होता. सह्याद्रीच्या अलीकडेही बिबट्या आहेच. तेव्हा रात्री अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा हा राखणदार नव्हे, ते आयते भक्ष्य होय. शिवाय तो बिबट्याला घरच्या दारापर्यंत आणतो. कुत्रा कोणत्याही जातीचा असो, तिन्हीसांजेनंतर त्याला दार लावलेल्या पडवीत किंवा घरातच घ्यावे.

पिल्लू आणताना ते निदान आठ आठवडे आईजवळ राहिलेले असावे. घरात लहान मुले किंवा वृद्ध असतील, तर स्वभाव कळलेला मोठा कुत्रा अधिक बरा. पिल्लाचा स्वभाव पुढे कसा निघेल, हे कोणी सांगू शकत नाही. तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस टोचावी, व पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने ती नियमित द्यावी. जंतांचे औषध व नसबंदी यांत हयगय करू नये. नाही तर आज एक पिल्लू उचलावे आणि दोन वर्षांनी दहा पिल्ले रस्त्यावर यावीत, असा प्रकार व्हावयाचा. कुत्रा चावल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा. पिसाळलेल्या कुत्र्याचे विष एकदा अंगी भिनून लक्षणे दिसू लागली, की बहुधा इलाज उरत नाही.

शहरातील पुष्कळ कुटुंबांनी या बाजूस शेतघरे बांधली आहेत. शनिवारी यावे व रविवारी परतावे, असा ज्यांचा क्रम, त्यांनी राखणीसाठी कुत्रा आणून पाच दिवस त्याला एकटे ठेवणे हा न्याय नव्हे. प्राण्याला उपाशी-तहानेला टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. अशांनी कुत्रा न आणणे, किंवा वर्षभर तेथे राहणारे माणूस आधी नेमणे, हाच मार्ग.

पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. भूतदयेचा तो आदर्श खराच. परंतु घास घालणे वेगळे, आणि पाळणे वेगळे. घास एका दिवसाचा असतो. पाळणे दहा-बारा वर्षांचे. आषाढातल्या मध्यरात्री पडवीचे दार उघडून कुत्र्याला आत घेणारे माणूस ज्या घरी आहे, त्या घराने जातीची फारशी चिंता करू नये. त्याचा कुत्रा बहुधा गावाच्या नाक्यावरच वाट पाहत असतो.