आजीचा शब्द



१६५९ साली सईबाई वारल्या, तेव्हा संभाजीराजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते. त्यांना वाढविले ते आजीने, जिजाबाईंनी. नातवाला खेळविणे एवढेच त्या आजीचे काम नव्हते. घरात तिच्या शब्दाला वजन होते. आम्हांला आज या शब्दाविषयीच बोलावयाचे आहे.

२००७ च्या कायद्याने, स्वतःचा निर्वाह न चालणाऱ्या आजी-आजोबांना पोटगी मागण्याचा हक्क दिला. सांभाळाच्या अटीवर लिहून दिलेले घर, अट मोडल्यास, परत मिळविण्याची सोयही त्यात आहे. कायदा घर परत देईल. घरातली विचारपूस कोण देणार?

मुलगा-सून नोकरीवर जातात, मूल आजीच्या ओटीत घालतात. त्यात वावगे काही नाही. पण त्या मुलाची शाळा ठरते, तेव्हा आजीला कोणी विचारीत नाही! दुसऱ्या बाजूने, आईबापांनी घातलेली शिस्त वडीलधाऱ्यांनीही नातवंडांदेखत मोडू नये.

निर्णय आईबापांचाच असो; तो घेण्यापूर्वी आजी-आजोबांना एकदा विचारावे, एवढेच आमचे मागणे. पोटगीचा अर्ज लिहिण्याची पाळी येते, त्याच्या कितीतरी आधी हे विचारणे थांबलेले असते, असे आम्हांस वाटते.