वाढीव पगाराची खतावणी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सोलापूर येथे झालेल्या कौटुंबिक परिसंवादातील भाषणाचा मजकूर)



या परिसंवादात बोलण्याची विनंती मला करण्यात आली, तेव्हा मी संयोजकांना प्रांजळपणे सांगितले की मी ना वक्ता, ना विद्वान. १९८१ साली बी.कॉम. झालो आणि त्याच दिवाळीत वडिलांच्या गादीवर बसलो. तेव्हापासून कापडाचे तागे आणि किर्द-खतावणीची पाने यांपलीकडे माझे वाचन फारसे गेलेले नाही. परंतु संयोजक म्हणाले, विषय हिशेबाचाच आहे. जास्त पगाराची नोकरी घ्यावी की घराला वेळ द्यावा, असा प्रश्न आज आपल्या समाजातील प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या घरात ऐकू येतो. माझ्या घरी तो गतवर्षी आला. त्याचा जो हिशेब मी मांडला आणि त्यात माझी जी चूक निघाली, तेवढेच आपणांसमोर ठेवतो. मुलीची व जावयांची परवानगी घेतलेली आहे.

माझी मुलगी पुण्यास कोथरूडला असते. ती व आमचे जावई दोघेही नोकरी करतात. पदरी अडीच वर्षांची कन्या. २०२५ च्या दिवाळीनंतर एके रात्री मुलीचा दूरध्वनी आला. "पप्पा, खराडीच्या एका कंपनीकडून बोलावणे आले आहे. महिना एक लाख दहा हजार म्हणतात. आत्ता साठ मिळतात. घेऊ का?" मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, "यात विचारायचे काय?" पन्नास हजारांची वाढ! आमच्या धंद्यात मीटरमागे दोन रुपये सुटले तरी आम्ही समाधानाने घरी जातो. पण ती म्हणाली, "पप्पा, उत्तर नको. तुम्ही दुकानाचा मांडता तसा हिशेब मांडून द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक कमी असताना मी नवी वही काढली.

व्यापाऱ्याला एक गोष्ट बापजाद्यांनी शिकवलेली असते. सुरतेच्या बाजारातील भाव म्हणजे आपली खरेदी नव्हे. त्यावर आडत, हमाली, वाहतूक चढते, मीटरने कापताना तूट येते आणि शेवटी कटपीस उरतात. ढोबळ नफ्यावर जो संसार करतो तो तीन वर्षांत दुकानाला कुलूप लावतो. पगाराचेही तसेच आहे, हे मला त्या दिवशी उमगले. कंपनी जो आकडा सांगते त्यात भविष्य निर्वाह निधीतील तिचा स्वतःचा हिस्सा असतो, ग्रॅच्युइटीची तरतूद असते आणि काही रक्कम कामगिरीवर अवलंबून असते, म्हणजे मिळाली तर मिळाली. मुलीच्या कागदावर निधीचे ५,७०० रुपये, ग्रॅच्युइटीचे सुमारे २,३०० आणि कामगिरीचे सुमारे ७ हजार होते. ते वगळता एक लाख दहाचे पंचाण्णव हजार झाले. साठ हजारांचा आकडा मात्र ती या गोष्टी वगळूनच सांगत होती. म्हणजे पन्नास हजारांची वाढ वहीत उतरेपर्यंत पस्तीस हजारांवर आली.

प्राप्तिकराची मला धास्ती होती, पण ती फोल ठरली. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागू नये अशी सवलत दिली, आणि पगारदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट असल्याने त्यांच्यासाठी ती मर्यादा पावणेतेरा लाखांवर गेली. वर्षाचे अकरा लाख चाळीस हजार त्याच्या आतच बसतात. निधीत तिचा स्वतःचा हिस्सा महिन्याला २,१०० रुपयांनी वाढत होता. तो खर्च नव्हे, ठेव आहे. तरीही हाती येणारी वाढ ३२,९०० रुपयांचीच.

आता खर्चाची बाजू. जुन्या नोकरीत ती आठवड्यातून दोन दिवस घरूनच काम करी, कार्यालयही घरापासून दहा मिनिटांवर. त्यामुळे पाळणाघराचे तीन दिवसांचे सात हजार पडत. नव्या ठिकाणी पाचही दिवस जाणे भाग. पाच दिवसांचे चौदा हजार आणि संध्याकाळी सहानंतर बाळ ठेवण्याचे तीन हजार वेगळे, असे सतरा हजार. म्हणजे वाढ दहा हजारांची. संध्याकाळच्या स्वयंपाकाला बाई लावणे आले, चार हजार. प्रवासाचे सहा हजार. वनाझ ते रामवाडी मेट्रो मार्च २०२४ पासून धावते, हे खरे. परंतु रामवाडीहून पुढे खराडीस रिक्षाच करावी लागते. बाहेरचे खाणे, कपडे आणि किरकोळ मिळून साडेतीन हजार. (कपड्यांची रक्कम मी कमी धरली, कारण ते आमच्याच दुकानातून जातात.) एकूण साडेतेवीस हजार. शिल्लक राहिली ९,४०० रुपये.

येथे मी थांबलो नाही. प्रवास आणि वाढीव काम धरून दिवसाचे तीन तास जास्त जाणार होते. महिन्याचे बावीस दिवस धरले तर सहासष्ट तास. ९,४०० ला ६६ ने भागले. तासाला १४२ रुपये. अडीच वर्षांच्या लेकरापासून दूर राहण्याचा हा भाव.

आणखी एक गोष्ट कागद चाळताना दिसली. जुन्या कंपनीत तिला चार वर्षे दोन महिने झाले होते. ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षे लागतात. मूळ वेतन तीस हजार, त्याचे पंधरा दिवसांचे वेतन सव्वीसाच्या भागाकाराने काढून पाच वर्षांनी गुणले तर सुमारे ८६,५०० रुपये होतात. दहा महिन्यांसाठी ते बुडणार. तरुण मंडळी पगाराचा आकडा पाहतात, पण अशा बुडणाऱ्या रकमा पाहत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

हिशेब पूर्ण करून मी मोठ्या समाधानाने वहीच्या तळाशी लिहिले, 'सौदा परवडत नाही.' आणि हुतात्मा एक्सप्रेसने आम्ही उभयता पुण्यास गेलो.

मुलीने वही नीट वाचली. एकही बेरीज तिने खोडली नाही. मग म्हणाली, "पप्पा, पाळणाघर आणि स्वयंपाकाची बाई हे दोन्ही खर्च तुम्ही माझ्याच पगारातून का वजा केले? बाळ दोघांचे आहे ना? यांच्या पगारातून पाळणाघर वजा करून यांची नोकरी परवडते का, असे कोणी कधी विचारले?"

मी निरुत्तर झालो. चाळीस वर्षे खतावणी लिहिणाऱ्या माणसाने घरखर्च एका व्यक्तीच्या खात्यास नावे टाकला होता! मुनीमाने अशी नोंद केली असती तर मी त्याला सुनावले असते. खर्च दोघांत वाटल्याने घराची एकूण शिल्लक वाढत नाही, हे मला कळते. तेवढ्यापुरते माझे गणित खरेच होते. पण 'नोकरी करावी की नको' हा प्रश्न कोणाच्या पगाराला विचारायचा, ते मात्र बदलते.

तिचा दुसरा मुद्दा वाणिज्य शाखेच्या पदवीधराला लाजवणारा होता. "पाळणाघराचा हा खर्च दोन-तीन वर्षांचा आहे. शाळा सुरू झाली की कमी होईल. माझा हुद्दा मात्र पुढे चालत राहील. आज मागे राहिले तर पुन्हा त्या पायरीवर यायला किती वर्षे लागतील, ते तुमच्या वहीत कुठे आहे?" भांडवली खर्च मी महसुली खर्चात धरला होता.

मग मी आजोबांचा हुकमी पत्ता काढला. "आजीला चार-सहा महिने इथे ठेवू. पाळणाघराचे सतरा हजार वाचतील." आमच्या सौ. शांतपणे म्हणाल्या, "नातीसाठी बोलावले तर उद्या येईन. सतरा हजार वाचवायला मला आणू नका." त्यांचे गुडघे दुखतात, येथे त्यांच्या नव्वदीला आलेल्या आई आहेत. हे सर्व मला ठाऊक असूनही त्यांचे श्रम मी वहीत शून्य रुपयांना धरले होते. सभागृहातील भगिनी हसत आहेत, त्याअर्थी हा प्रकार केवळ आमच्याच घरी घडलेला नसावा.

त्याच संध्याकाळी सौ.नी एक जुने खाते उघडले. १९९४ साली मी बार्शीस दुसरे दुकान काढले. सकाळी सातची एस.टी., परत येईतो रात्रीचे साडेनऊ. पाच वर्षे हा क्रम चालला. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती, दुकान बंद केले तेव्हा नऊ वर्षांची. १९९६ साली तिला विषमज्वर झाला, त्या आठवड्यात मी सुरतेस खरेदीला होतो. सौ.नी एकटीने निभावले. दुसरीत असताना बाईंनी 'माझे वडील' या विषयावर पाच वाक्ये लिहायला सांगितली, तेव्हा हिने पहिलेच वाक्य लिहिले होते, 'माझे पप्पा बार्शीला राहतात.' बाईंनी खाली लाल शाईने 'छान' असे लिहिले होते. ती वही सौ.नी जपून ठेवली आहे, हे मला त्या रात्री प्रथमच कळले. बार्शीच्या दुकानाचा पाच वर्षांचा निव्वळ नफा सरासरीने महिन्याला तीन हजारांच्या आतच पडला होता. तासाचा भाव मी काढला नाही.

मुलगी म्हणाली, "पप्पा, मला तक्रार करायची नाही. पण तुम्ही बार्शीला जाताना असा हिशेब कोणी मांडायला सांगितला होता का?" नव्हता सांगितला. पुरुषाने धंदा वाढवला की त्यास कर्तृत्व म्हणत. आपल्या घरांतील जुनी माणसे परिग्रह परिमाणाचे व्रत घेत, मर्यादा वहीत लिहून ठेवत. माझ्या वडिलांनीही लिहिली होती. मी ती वही पुढे चालवली, ते पान मात्र तेवढे चालवले नाही.

आता निर्णय काय झाला, ते सांगतो. मुलीने ती नोकरी घेतली. पण आधी दोन गोष्टी केल्या. पहिलीत थोडा हात माझा आहे. मी म्हटले, गिऱ्हाईक आमच्याशी ज्या जिद्दीने घासाघीस करते, तशी तू कर. बुडणारी ग्रॅच्युइटी त्यांच्याकडून मागून घे. ती संकोचली, पण मागितली. रुजू होताना एकरकमी साठ हजार मिळाले आणि आठवड्यातून एक दिवस घरून कामही मिळाले. दुसरी गोष्ट जावयांनी केली. त्यांनी आपल्या कार्यालयात सकाळी लवकरची वेळ मागून घेतली. ते पहाटे साडेसहाला निघतात आणि पावणेपाचला बाळाला घेऊन घरी येतात. सहानंतरचे तीन हजार आणि स्वयंपाकाच्या बाईचे चार हजार वाचले. वरणभात त्यांना उत्तम येतो, भाजीबाबत प्रगती आहे. त्यांच्या बढतीवर याचा परिणाम होईल काय, हे वरिष्ठांनी स्पष्ट सांगितलेले नाही. ते खाते उघडे आहे.

आणखीही एक खाते उघडे आहे. आमच्या घरी चौविहाराचा नियम. जावई आणि नात सूर्यास्तापूर्वी जेवतात. मुलगी कार्यालयातच साडेपाचला डबा उघडते. घरी एकत्र जेवण आता सुट्टीच्याच दिवशी होते. तिने हे मला सांगितले तेव्हा तिचा आवाज जरा उतरला होता. पैशांचे गणित जुळले, तरी ही तूट कोणत्या खात्यास टाकावी, ते मला सुचलेले नाही.

२०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली, पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा बाळास भेटण्याची मुभा आली. मुलीच्या नव्या कंपनीनेही जवळच्या पाळणाघराशी करार केला आहे. पण अडीच वर्षांच्या मुलीला रोज मेट्रो आणि रिक्षाने खराडीस नेऊन रात्री परत आणणे कोणत्या आईला पटेल? पाळणाघर घराजवळच हवे.

म्हणून विश्वस्त मंडळास एक विनंती. आपल्या या वास्तूतील पाठशाळेची खोली सायंकाळीच वापरली जाते; चातुर्मास वगळता सभागृहही दिवसा बंद असते. आपल्या लेकी-सुना येथेही बँकांत, शाळांत, दवाखान्यांत नोकरी करतात. सकाळी नऊ ते सायंकाळी सहा असे पाळणाघर या खोलीत सुरू करता येईल. मोफत नको, मोफत गोष्टीची हेळसांड होते. वाजवी शुल्क घ्यावे, दोन प्रशिक्षित बाया पगारी नेमाव्यात, आणि आज्यांना इच्छा असेल तेव्हा येऊ द्यावे, राबवू नये. जमाखर्चाचा अंदाज मी दोन पानांत मांडून आणला आहे. यावेळी कोणता खर्च कोणत्या खात्यास टाकला आहे, ते मुलीकडून तपासून घेतले आहे. पहिल्या वर्षीच्या तुटीची जबाबदारी आमच्या दुकानाने उचलायची, असे घरी ठरले आहे. सभेनंतर ती पाने कार्यवाहांकडे देतो.